मधल्या फळीतला फिरता खेळाडू

क्लबमागून क्लब बदलणाऱ्या फुटबॉलपटूविषयी आपल्याकडे सहज म्हटले जाते, की हा कुठेच टिकला नाही. फोंड्याच्या आमच्या बाजूला, जिथे फुटबॉल म्हणजे दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्याचा खेळ असे अजूनही मानणारे लोक आहेत, तिथे हा शेरा जरा जास्तच ठामपणे मारला जातो. माझा मावसभाऊ बरीच वर्षे व्यावसायिक फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळत आला आहे आणि या काळात त्याने इतके क्लब पाहिले, की कोणत्या हंगामात कोणती जर्सी होती हे घरच्यांनाही धड सांगता येत नाही. पण अशा खेळाडूचे फिरणे हा त्याचा चंचलपणा नसतो, तो पुष्कळदा फक्त वाहून नेला जातो, असे माझे मत आहे.

गोव्यापुरते बोलायचे तर याचा दाखलाही देता येतो. आय-लीगचे, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगचे, पहिले सहाही हंगाम, म्हणजे २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत, गोव्याच्याच क्लबांनी जिंकले. धेंपोने तीन, चर्चिल ब्रदर्सने दोन आणि साळगावकरने एक. त्या काळात मडगाव किंवा वास्कोच्या मिडफिल्डरला क्लब बदलायचा झाला तरी घर बदलावे लागत नसे. पुढे इंडियन सुपर लीगला (आयएसएल) वरचे स्थान देऊन आय-लीग खाली ढकलणारी योजना भारतीय फुटबॉल महासंघाने मांडली, तेव्हा २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही क्लब तिच्या निषेधार्थ आय-लीगमधून बाहेर पडले. क्लबांचा निषेध समजण्यासारखा होता. त्याची किंमत मात्र विशी-पंचविशीतल्या पोरांनी मोजली. राष्ट्रीय पातळीवर खेळायचे तर एफसी गोवा किंवा चर्चिलमध्ये जागा मिळवायची, नाहीतर परराज्यातल्या क्लबासाठी रेल्वेत बसून गोवा सोडायचा, एवढेच त्यांच्या हाती उरले.

गोव्याचे मिडफिल्डर लेनी रॉड्रिग्ज यांच्या कारकिर्दीकडे मी याच दृष्टीने पाहतो. चर्चिल, बंगळुरू, एफसी गोवा, मोहन बागान अशी त्यांची वाट आहे. एफसी गोव्याने २०१९-२० मध्ये साखळी फेरीत पहिले येऊन आशियाई चॅम्पियन्स लीगचे दार उघडले, तेव्हा लेनी त्या संघाच्या मधल्या फळीत होते. जानेवारी २०२१ मध्ये मात्र अदलाबदलीत ते एटीके मोहन बागानकडे गेले आणि तिथले मिडफिल्डर ग्लान मार्टिन्स एफसी गोव्याकडे आले. कोविडमुळे त्या वर्षीची संपूर्ण आयएसएल गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर चालली होती, त्यामुळे कोलकात्याच्या क्लबात जाऊनही लेनी राहिले गोव्यातच. एप्रिलमध्ये फातोर्ड्यावर चॅम्पियन्स लीगचे सामने झाले ते ग्लान खेळले. ज्याने जागा मिळवून दिली तो दुसरीकडे, हे या धंद्यात नवल नाही.

स्ट्रायकरचे बरे असते. त्याचे गोल कागदावर राहतात आणि नवा क्लब ते मोजून पैसे ठरवतो. मधल्या फळीत बचावापुढे खेळणाऱ्याचे काम बहुतेक वेळा काहीतरी घडू न देण्याचे असते आणि ते दोन मिनिटांच्या क्लिपमध्ये दिसत नाही. भाऊ नव्या संघात गेला की पहिले काही दिवस सरावात फारसा बोलत नाही. स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, कोणत्या पायाने चेंडू देतो, गोलकीपर दबावाखाली लांब मारतो की छोटा पास शोधतो, हे तो पाहत राहतो. चेंडू पायात येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घ्यायची त्याची सवय इतकी अंगात मुरली आहे, की म्हापशाच्या बाजारात चालतानाही ती दिसते. हे सगळे जुळेपर्यंत हंगाम अर्धा सरतो, तोवर प्रशिक्षक बदलतो, आणि नवा प्रशिक्षक येताना आपला मिडफिल्डर सोबत घेऊन येतो.

कराराचे नियम कागदावर वाईट नाहीत. फिफाच्या नियमांनुसार सज्ञान खेळाडूला पाच वर्षांपर्यंतचा करार करता येतो, आणि दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबला लेखी कळवून पंधरा दिवसांची मुदत दिल्यावर करार मोडताही येतो. पण पाच वर्षे मिळतात ती नाव झालेल्यांना. भावासारख्यांच्या हातात हंगाम संपेपर्यंतचा कागद पडतो. राज्याबाहेरच्या एका क्लबने त्याचा पगार असाच थकवला होता. मुदतीचे पत्र त्याने लिहूनही ठेवले, परंतु ते पाठवले असते तर ऐन हंगामात घरी बसावे लागले असते, म्हणून खेळत राहिला. एका हंगामात तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते, पण अधिकृत सामने सर्वसाधारणपणे दोनच क्लबांकडून खेळता येतात. त्यामुळे हंगामाच्या मध्यावर, जानेवारीत, चुकीचा क्लब निवडला तर ते वर्ष गेलेच म्हणायचे.

आता तो गोव्याच्या लीगमध्ये खेळतो आणि प्रशिक्षकाचा परवाना मिळवण्याच्या मागे आहे. यंदा क्लबने त्याला चक्क दोन हंगामांचा करार दिला. आम्ही सगळे खूश झालो, मावशीने तेवढे विचारले, “दोन वर्षांचं कशाला लिहून दिलंस रे? मधेच बरा क्लब आला तर?”