जागलीतले ड्रॅगन

ड्रॅगनबद्दल आमच्याकडे कोणाचीच तक्रार नाही. उडतो तर उडू दे, जाळ काढतो तर काढू दे. मेलेली माणसं बर्फातून उठून चालू लागतात, तेही चालतं. तक्रार आहे ती कावळ्याची.

आमच्या तिवसा तालुक्यात हरभरा घाट्यावर आला की रानडुकरांपायी रात्री जागल करावी लागते. पोरं मोबाइलमध्ये काहीबाही उतरवून शेतात नेतात. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही ड्रॅगनवाली इंग्रजी मालिका २०१९ मध्येच संपली, पण आमच्या शिवारात ती आत्ता आत्ता पोचली आहे. ८ सीझन, ७३ भाग. जागलीला असं भरण्याचं काहीतरी लागतंच. सकाळी लाल डोळ्यांनी पोरं पानठेल्यावर जमतात आणि खर्रा घोटून होईपर्यंत वाद पेटलेला असतो.

कावळ्याचं प्रकरण सातव्या सीझनमधलं. नायक आणि त्याचे गडी उत्तरेच्या भिंतीपलीकडे बर्फात घेरले जातात. एक जण पळत भिंतीपर्यंत येतो. तिथून कावळा चिठ्ठी घेऊन पार दक्षिणेतल्या बेटावर जातो, चिठ्ठी वाचून राणी ड्रॅगनवर बसते आणि ऐन वेळेवर हजर. याच मालिकेच्या पहिल्या भागात राजाचा लवाजमा उत्तरेच्या किल्ल्यावर पोचतो, तेव्हा महिनाभराच्या प्रवासानं त्याची राणी वैतागलेली असते. आणि तो किल्ला तर भिंतीच्या बराच अलीकडे.

"कावळा व्हता का रॉकेट, बे?" हा पहिला सवाल.

त्यावर एकानं कौंडण्यपूर काढलं. रुक्मिणीचं माहेर, वर्धा नदीच्या काठावरचं, आमच्याच तालुक्यातलं. तिचा निरोप घेऊन ब्राह्मण द्वारकेला गेला आणि कृष्ण एका रात्रीत विदर्भात आला. "ते तुमाले चालते. मंग कावळा काऊन चालत नाही?"

प्रश्न बिनतोड होता. सगळ्यांनी काकाजींकडे पाहिलं, कारण भागवत सप्ताहात पोथीजवळची जागा त्यांची. काकाजींनी चहाचा कप खाली ठेवला. "पोथीत चारी घोड्यांची नावं देल्ली हायेत. शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प, बलाहक. अन् एका रात्रीत आला, हे बी सांगून टाकलं हाय. लपवून नाही ठेवलं काही."

मला हे पटलं. अचाट गोष्ट सांगायची तर छातीठोकपणे सांगावी, ऐकणारा ती पदरात घेतो. इथे बर्फात अडकलेल्यांनी किती दिवस काढले, तेच कोणी धड सांगत नाही. आधीच्या सीझनांमध्ये अंतराचा हिशेब या मालिकेनंच आम्हाला शिकवला, आणि मग स्वतःच तो मोडला. माझा संशय असा, की हातातलं पुस्तक संपलं तिथून घाई सुरू झाली. मूळ कादंबऱ्यांपैकी पाचवी २०११ ची, सहावी अजून यायचीच आहे.

शेतकऱ्याच्या शंका याहून वेगळ्या. या गोष्टीत उन्हाळा कित्येक वर्षं चालतो आणि हिवाळाही तसाच. "मंग खरीप कवा अन् रब्बी कवा?" याला पानठेल्यावर अजून उत्तर मिळालेलं नाही. सातव्या सीझनमध्येच राणीचा ड्रॅगन शत्रूची रसद जाळतो. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पण सोन्याच्या गाड्या तोवर राजधानीत पोचल्या होत्या. जळालं ते धान्य. "एवढा हिवाळा तोंडावर, अन् हे बाई धान्याच्या बंड्या जाळून रायली?" सोयाबीनची गंजी रात्रीतून कोणी पेटवून दिली, अशा बातम्या आमच्याकडे दर हंगामात कुठून ना कुठून येतात. ती राख ज्यानं सकाळी पायानं उकरून पाहिली, त्याला त्या दृश्यात शिट्टी कशी सुचणार?

आता स्पॉइलर, म्हणजे पुढची गोष्ट आधीच फोडणं. त्यावरून तर दोन पोरांचं बोलणं बंद आहे. एकानं हिंदीत गोष्ट समजावून सांगणारे व्हिडिओ पाहून सगळं आधीच पाठ केलं, आणि दुसऱ्याला सिंहासन कोणाला मिळतं ते हसत हसत सांगून टाकलं. "सांगू नोको बे" असं तो तोवर तीनदा म्हणाला होता. माझी सहानुभूती त्याच्याकडे. सप्ताहात कंस मरणार हे माहीत असूनच माणूस बसतो; तिथे पुढचं कळणं ही अडचण नसतेच. पण ही मालिका न कळण्यावर उभी आहे. तिच्यातलं ते रक्तपाताचं लग्न कादंबरीत २००० सालीच येऊन गेलेलं, पडद्यावर आलं २०१३ मध्ये. इतक्या वर्षांत कितीतरी वाचकांनी शेजारच्या माणसालाही त्याचा सुगावा लागू दिला नाही. काहींनी तर तो भाग चालू असताना घरच्यांचे चेहरे गुपचूप टिपून घेतले. आमच्याकडे तेरा मिनिटं कोणाच्या पोटात राहायचं नाही.

तरी माझ्या काकूचं काय करावं? त्याच लग्नाची गोष्ट तिच्या नातवानं तिला तुरीच्या शेंगा सोलता सोलता सांगून टाकली. घरी लग्नाला बोलावलेले पाहुणे घरधनीच कापून काढतो.

काकूनं एकच विचारलं, "जेवल्यावर का जेवायच्या आंधी?"

"जेवल्यावर. भाकर-मीठ खाऊ घालून."

"मंग पाहाच लागते."

पाहिलं. सगळं माहीत असून संतापली. त्या घरधन्या बुढ्याला वऱ्हाडात कोणी देत नसेल अशा शिव्या दिल्या आणि लगेच विचारलं, "याचं पुढं काय होते?"

नातवाला तेवढ्यात नियम आठवला. "नाही सांगत. स्पॉइलर होते."

"सांगतं का फोन टाकू विहिरीत?"

सांगावं लागलं. बुढ्याचा निकाल लागतो तो थेट सहाव्या सीझनच्या शेवटी. मधले ३० भाग काकूला नको आहेत. तेवढा एकच लावून दे म्हणून ती नातवाच्या मागे लागली आहे. आणि तो म्हणतो, मधलं पाहिल्याशिवाय समजणार नाही. काकू म्हणते, "जेवाले बोलावून मारलं, अजून काय समजाचं रायलं?"