स्वप्न कुणाचं?

‘शाळेने मला काय दिले’ यावर लिहा, असं स्मरणिका समितीनं कळवलंय. शाळेनं पुष्कळ दिलं असेल. मला आठवतात त्या बाई. कोणत्या, हे आपल्या शाळेत सांगावं लागत नाही.

दहावी ब, ऑफ तास, प्रिलिम तोंडावर. बाईंनी फळा पुसला आणि दस्तयेव्हस्कीची १८६६ सालची रशियन कादंबरी ‘गुन्हा आणि शिक्षा’ सांगायला घेतली. रस्कोल्निकोव्ह नावाचा तरुण गहाणवट घेणाऱ्या म्हातारीचा खून करून तिला लुटतो, त्याची ही गोष्ट. तीही खुनापासून नव्हे, त्याआधी त्याला पडलेल्या स्वप्नापासून. स्वप्नात सात वर्षांचा रस्कोल्निकोव्ह, गाडीला जुंपलेली मरतुकडी घोडी, दारूच्या तारेत तिच्यावर पहार घालणारा मालक. घोडी मरते आणि पोरगं तिच्या रक्ताळलेल्या तोंडाचे मुके घेत सुटतं. “यातला रस्कोल्निकोव्ह कोणता रे?” पोरगा, आम्ही एका सुरात. “मग मारणारा कोण? मार खाणारी कोण? स्वप्न कुणाचंय?” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “घोडीचं!” बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

आता मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. फ्रॉइडचा १९१६चा एक लेख दरवर्षी घेते: काहींच्या बाबतीत अपराधभाव आधी असतो, गुन्हा मागून येतो. उदाहरण रस्कोल्निकोव्हचंच. खुनानंतर त्याला थकलेल्या भाड्यापायी पोलिसांनी बोलावलेलं असतं, आणि खुनाचा विषय निघताच हा तिथंच बेशुद्ध! लुटलेलं पाकीट न उघडताच दगडाखाली दडवतो. आत ३१७ रूबल ६० कोपेक. विद्यार्थी ‘पराहम्’, म्हणजे आपल्याच मनातला दोष देणारा, दटावणारा भाग, एवढं लिहून मोकळे होतात. पण पराहम् नुसता छळतो, त्यानं माणूस वाढत नाही. हे बाईंनी फ्रॉइडचं नावही न घेता सांगितलं होतं. कबुली देऊन शिक्षा भोगायला सायबेरियात गेला तरी रस्कोल्निकोव्हला पश्चात्ताप नाहीच. लाज वाटते ती आपण कच्चे निघालो याची. बदल होतो तो पुढे, त्याच्यामागे तिथवर आलेल्या सोन्याच्या पायाशी नदीकाठी रडतो तेव्हा. (सोन्या ही बाई आहे कळल्यावर मुलं केवढी खिदळली होती!) “शिक्षा भोगणं वेगळं, समोरचं माणूस दिसायला लागणं वेगळं,” बाई म्हणाल्या आणि घंटा झाली.

हल्ली दहावीला ऑफ तास उरलेला नाही म्हणे. स्क्रीनवर सराव परीक्षा लावतात. बाईंच्या नावानं पारितोषिकही ठेवताहेत, मराठीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला. बाईंना हे मुळीच पटलं नसतं. आमच्या वर्गात त्यांचा जीव होता तो ‘घोडीचं’ म्हणणाऱ्यावर.