आराम पडला साहेब

शहादा तालुक्यात जनावरांची प्रॅक्टिस करतो मी, गाई-म्हशी-बैल जास्त, पण सारंगखेडा इथेच असल्यामुळे घोड्यांच्याही केसेस येतात. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, मारवाडी काठियावाडी घोडे लांबलांबून येतात, आणि तिथेच मी आबांची बिजली पहिल्यांदा पाहिली.

कुमेत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची मारवाडी घोडी, कपाळावर पांढरा पट्टा. मारवाडीच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात ते माहीत असेलच, हिचे अगदी कमानीसारखे. ढोल सुरू झाला की बाकीचे घोडे लगेच उड्या मारायचे, ही आधी एकदम गप्प उभी राहायची, दोन्ही कान ढोलाकडे वळवून ठेका ऐकायची, आणि मग पुढचे पाय असे उचलायची की लोक श्वास धरून बघत बसायचे. बाजेवर चढून नाचायची तेव्हासुद्धा आबांच्या हातात लगाम सैलच असायचा. मी तिच्या मानेतून तपासणीसाठी रक्त काढायचो तर हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवायची. डॉक्टरनी असं म्हणू नये, पण माझं सगळ्यात लाडकं पेशंट ती.

तर दोन वर्षांपूर्वी लग्नसराईत पहाटे पाचला आबांच्या मुलाचा फोन आला, बिजलीचं पोट दुखतंय, रात्री अकरापासून लोळतेय. रात्री वरातीत नाचून आली होती, तिथे कुणीतरी कौतुकाने बुंदी आणि कणकेचे गोळे भरपूर चारले आणि घरी आल्यावर गड्याने भिजवलेल्या बाजरीचं पूर्ण घमेलं पुढे ठेवलं. मी म्हटलं अरे रात्रीच का नाही फोन केला, तर म्हणाला, आबा म्हणले साहेब दिवसभर थकलेले असतात, ओवा-हिंग देऊन बघू. हे वाक्य मला अजून टोचतं. घोड्याला उलटी होत नाही हो! शरीर एवढं मोठं पण जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचं, त्यात धान्य फुगलं, आंबलं, गॅस धरला की बाहेर पडायला वाटच नाही, नाकातून नळी घालून पोट मोकळं करावं लागतं आणि ते वेळेत करावं लागतं.

सहाला पोचलो तर आबा फाटकातच उभे, चेहरा खुललेला. "आराम पडला साहेब! साडेपाचला एकदम थांबली, बघा कशी शांत उभी आहे."

माझ्या पोटात गोळा आला, कारण रात्रभर लोळलेला घोडा असा अचानक शांत होतो तेव्हा बऱ्याचदा आतलं फुटलेलं असतं, ताण गेला म्हणून कळ गेलेली असते.

बिजली शांत उभी होती खरी. पण अंगावर गार घाम, कान थंड, हिरड्या जांभळ्या. निवांत घोड्याचे ठोके मिनिटाला 28 ते 44, हिचे 100 च्या वर. पोटाला स्टेथोस्कोप लावला तर काहीच आवाज नाही, एरवी तिथे कसा गडगडाट चालू असतो. तरी मनाची समजूत म्हणून पोटात सुई घालून पाणी काढलं. हिरवट तपकिरी, आणि त्यात बाजरीचे कण. मग बोलायचं काही राहिलं नाही. मुंबई-पुणे चारशे किलोमीटरच्या घरात, आणि जठर फुटल्यावर तिथे नेऊनही हाती काही लागत नाही.

आबांना सांगायला मला पाच मिनिटं लागली असतील, सुई तशीच हातात धरून उभा होतो. त्यांनी एकच विचारलं, "आत्ता दुखतंय का तिला?" मी म्हटलं, मघासारखं नाही, पण पोटात विष पसरतंय, पुढचे काही तास फार वाईट जातील, त्याआधी झोपवू या. ते बराच वेळ तिच्या आयाळीत बोटं घालून उभे राहिले. मग तोंडाची मोरखी (दोरी) काढली, ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसलं, डोळ्यांच्या कडा पुसल्या.

मुलगा रडत होता, आत जाऊन ढोल घेऊन आला, म्हणाला आबा शेवटचा ठेका वाजवतो तिच्यासाठी. आबांनी त्याचा हात धरला.

"नको रे. ऐकलं तर पाय उचलायला बघेल ती."

मग मी इंजेक्शन भरलं. मानेवर हात ठेवला तर तिने सवयीने हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवली, आणि मला सुई लावायला थोडं थांबावं लागलं.

खड्डा आबांनी तिच्या शिकायच्या रिंगणातच काढायला लावला, जेसीबी बोलावून, खाली मीठ घालून. चांगली काळी जमीन आहे ती, पाण्याशेजारची, पण तिथे ते अजून काही पेरत नाहीत.