बांगड्याचं तिखलं, आठवा प्रयोग: मिरची निर्दोष निघाली

मागच्या खेपेला लिहिलं होतं की बांगड्याच्या तिखल्याशी, म्हणजे कोकम-तिरफळाच्या तिखट-आंबट रश्श्याशी, जुळणारी वाईन शोधताना सहा बाटल्या हरल्या आणि आता हा विषय मी बंद करतेय. नाही करवला. गेल्या शनिवारी रात्री ओट्यावर पाच वाट्या मांडून बसले आणि अकराच्या सुमारास उलगडा झाला. चार महिने मी मिरचीच्या मागे धावत होते, आणि खरी अडचण कोकमात होती.

आधी छोटी चांगली बातमी. साबुदाणावडा आणि स्पेनची फसफसती वाईन कावा ही जोडी आता पक्की. वड्याचं तेल आणि दाण्याचा कूट जिभेवर जो थर धरतात, तो बुडबुडे एका घोटात उचलून नेतात. शिवाय कावा किमान नऊ महिने यीस्टच्या गाळावर मुरते, त्यामुळे तिला भाजलेल्या पावासारखा हलका वास असतो आणि तो दाण्याच्या कुटाला छान लागतो. फक्त सोबतच्या दह्याच्या चटणीत साखर घालू नका, वाईन लगेच आंबट लागते. एवढ्यावर तो विषय संपला.

आता तिखलं. आतापर्यंतचे निकाल तुम्हाला माहीत आहेत: फ्रान्सची लाल बोजोले गंजलेल्या खिळ्यासारखी लागली, तिकडच्याच अल्सासच्या पांढऱ्या गेवुर्त्स्ट्रामिनरने तोंडाची आग केली, पोर्तुगालची विन्यो वेर्दे पाण्यासारखी झाली. यातल्या गेवुर्त्स्ट्रामिनरबद्दल माझं ठाम मत झालंय. ‘तिखटाबरोबर गेवुर्त्स’ हा सल्ला जिथे तिथे वाचायला मिळतो, पण तिच्यात अल्कोहोल साडेतेरा-चौदा टक्के. अल्कोहोल आणि मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या एकाच संवेदकाला चेतवतात. एरवी साधारण ४२ अंशांना जागा होणारा हा संवेदक अल्कोहोलच्या सोबतीने ३४ अंशांच्या आसपासच जागा होतो, म्हणजे तोंडाच्या नेहमीच्या तापमानालाच. वेंगुर्ल्याच्या तिखटावर ती ओतणं म्हणजे आगीत तेल.

म्हणून यावेळी रिस्लिंग या पांढऱ्या द्राक्षाच्या दोन वाईनच ठेवल्या. एक जर्मनीतल्या मोझेलची काबिनेट, नऊ टक्क्यांची, किंचित गोड. भाचा येताना घेऊन आला होता. दुसरी ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीची, खडखडीत कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, लिंबाच्या सालीच्या वासाची. क्लेअरच्या उत्पादकांनी २००० सालच्या हंगामापासून मिळून रिस्लिंगला बुचाऐवजी फिरकीचं झाकण लावायला सुरुवात केली, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. आपल्याकडच्या उन्हात दुकानाच्या काचेत उभी राहिलेली बुचाची बाटली काय होते, ते मी पुन्हा एकदा अनुभवलं. एका दुकानातून आणलेल्या बाटलीचं बूच वर सरकलेलं होतं आणि आतून शिजलेल्या सफरचंदाचा वास. बूच तोंडाच्या पातळीच्या वर आलेलं दिसलं तर बाटली घेऊच नका, दुकानदार काहीही सांगो.

तर पाच वाट्या. पहिलीत कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला घट्ट रस, तिखल्यात असतो तेवढाच पातळ केलेला. दुसरीत खोबरेल तेलावर परतलेलं बेडगी मिरची आणि धण्याचं वाटण, आंबट काहीच नाही. तिसरीत ठेचलेली तिरफळं कोमट पाण्यात. चौथीत नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडलेला बांगडा. पाचवीत नारळाचा जाड रस. प्रत्येक वाटीतला एक चमचा, मग एकेका वाईनचा घोट, मग भात आणि पाणी, मग दहा मिनिटं थांबणं.

मिरचीची वाटी दोन्ही रिस्लिंगनी सहज पेलली. काबिनेटच्या साखरेने तिखट खाली बसलं, क्लेअरबरोबर ते थोडं वर आलं पण वाईनचा लिंबूपणा जागेवर होता. कोकमाच्या वाटीनंतर मात्र क्लेअर ओळखू येईना. तिची सगळी धार गेली, मागे उरलं वासाचं पाणी. काबिनेटचं सरबत झालं. आंबट खाल्ल्यावर जीभ पुढच्या आंबटाला बधिर होते, म्हणून पेल्यातलं आंबट ताटातल्या आंबटापेक्षा वरचढ असावं लागतं, हे आपण सगळेच एकमेकांना सांगतो. पण आगळाची ताकद मी कधी हिशेबातच धरली नव्हती. तिखल्यात ते मिरचीच्या मागे लपतं, म्हणून सहा बाटल्यांचा दोष मिरचीच्या माथी बसला.

तिरफळाची वाटी सगळ्यात विलक्षण. तिरफळ सिचुआन मिरीच्या कुळातलं, तीच झिणझिण. सिचुआन मिरीची झिणझिण जिभेला सेकंदाला साधारण ५० कंपनांसारखी जाणवते, असं मोजलेलं आहे, आणि या वाटीनंतर ते पटतं. त्यावर कुठलीही वाईन खारट आणि धातूसारखी लागली. पण वास! तिरफळाचं पाणी आणि क्लेअर रिस्लिंग आळीपाळीने नाकाशी धरून बघा. ओल्या संत्र्याची साल आणि लिंबाची साल एकाच पिशवीतून काढल्यासारखी. म्हणजे तिरफळाचा वास हवा, झिणझिण नको. मावशीला फोन केला.

“बी काढलंस मां?”

“काढली.”

“मगे ठेचतंस कित्याक? आख्खीच टाक, आणि तिखला आज खाव नको, उद्या खा.”

लहानपणापासून ऐकलेलं हे वाक्य, पण ते वाईनच्या संदर्भात कधी आठवलंच नव्हतं. शिळं तिखलं मुरलेलं असतं आणि त्यातली झिणझिण मवाळ झालेली असते.

रविवारी तिखलं केलं. आगळ नाही, फक्त कोकमाची चार सुकी सोलं, तीही उकळी आल्यावर टाकून पाच मिनिटांत काढली. तिरफळं अख्खी, आच बंद करताना. सोमवारी दुपारी गरम केलं, तिरफळं वेचून टाकली, उकडा भात वाढला. क्लेअर फ्रिजमधून काढून दहा अंशांवर आल्यावर ओतली. (स्वयंपाकातला सुईचा थर्मामीटर घ्याच. वाईनसाठी म्हणून विकतात तो बाटलीला बांधायचा पट्टा काचेचं तापमान दाखवतो, वाईनचं नाही.)

पहिला घास, पहिला घोट, आणि मी तशीच थांबले. रस्सा गिळल्यावर तिरफळाचा वास घशाशी रेंगाळत होता, तिथूनच वाईनचा लिंबाचा वास सुरू झाला. कुठे एक संपलं आणि दुसरं लागलं, ते कळेना. आंबटाला आंबट भिडलं आणि वाईन अर्ध्या पावलाने पुढे राहिली. चार महिन्यांत पहिल्यांदा पेला ताटाच्या आधी संपला.

काबिनेटही बरी लागली, पण तिच्या गोडव्याला नारळ हवासा वाटला. पाचव्या वाटीतला रस दोन चमचे ताटातच मिसळला तर ती एकदम खुलली. म्हणजे काबिनेट तिखल्यासाठी नाही, नारळ घातलेल्या बांगड्याच्या कढीसाठी. तो वेगळा प्रयोग.

अजून एक गाठ सुटलेली नाही. बांगड्याच्या मधल्या काळपट मांसाचा घास आला की क्लेअरनंतरही तो धातूचा वास हलकासा येतो. जपानी संशोधकांनी २००९ साली दाखवलं होतं की माशासोबत येणारा असा वाईट वास वाईनमधल्या लोहामुळे येतो. बोजोलेचा गंजका खिळा तिथलाच असावा. पुढच्या वेळी काळं मांस काढून टाकायचं, असं काल ठरवलं होतं. पण हे लिहितालिहिता वाटतंय, ते काढलं तर बांगडा कशाला खायचा? त्यापेक्षा वाईन बदलते. स्पेनच्या सानलुकारची मांसानिया, कोरडी शेरी. ती यीस्टच्या सायीखाली मुरते, खारट हवेची आठवण देते, आणि तिकडे तळलेल्या, खारवलेल्या माशांबरोबर रोज पितात. अल्कोहोल पंधरा टक्के, त्यामुळे मिरचीशी भांडेल ही भीती आहेच. म्हणून वाटणात बेडगी निम्मी, धणे जास्त.

अर्धी बाटली मिळेल असं कळलंय. उरलेली वाईन ठेवायला हवा ओढणारा पंप आणायचा बेतही रद्द. क्लेअर उघडल्या उघडल्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवली होती, ती तिसऱ्या दिवशीही तशीच ताजी होती.

१ जूनला मासेमारीबंदी लागते, त्याआधी ताज्या बांगड्याचे दोन रविवार हाताशी आहेत. पहिला मांसानियाचा. दुसऱ्यासाठी नाशिकची पांढरी शेनँ ब्लाँ की ग्रीसच्या सांतोरिनी बेटाची पांढरी असिर्तिको, यावर तुमचं मत सांगा. मी शेनँकडे झुकलेय, पण कोकम चारावरून सहा सोलांवर नेलं तर असिर्तिकोच टिकेल असं वाटतं.