साल बघून

आमच्या घरावर सोलर आहे. जुलैत तो नुसताच घरावर असतो. बेळगावचा पाऊस एकदा बसला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, म्हणून मागच्या दारी तांब्याचा बंब अजून टिकून आहे. वैशाखात जळणाची बेगमी करायला वखारीत जायचं काम माझं. "तुम्हाला लाकडातलं कळतं," असं बायको म्हणते. यात कौतुक किती आणि काम गळ्यात घालणं किती, हे मी कधी विचारलेलं नाही.

कळतं ते आज्जीमुळे. तिचं गाव जांबोटीच्या पुढे, रानाला लागून. संध्याकाळी वीज गेली की ती मला परड्यातून फाटी आणायला पाठवायची, आणि तीही भाकरीला धावड्याचीच, कारण त्याचा निखारा दमदार. मी कंदील मागितला की म्हणायची, "कंदील कशाला? हात न्हाईत काय तुला?" मग अंधारात हात फिरवत झाडं ओळखायची. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी खवल्यांची, तळव्याला बोचणारी. धावडा गुळगुळीत. नान्याच्या सालीचे पापुद्रे कागदासारखे हातातच निघून यायचे. चुकून सावर नेली तर आज्जी ती नुसती तोलून अंगणात भिरकवायची. सावर चुलीत घालणं आणि वर्तमानपत्र घालणं एकच. ऐनाबद्दल तिची कायमची तक्रार, "पानी पिऊन बसतंय मेलं." त्यात खोटं काही नव्हतं. ऐन बुंध्यात पाणी साठवून ठेवतो. नीट वाळला नसेल तर चुलीत फुसफुसत राहतो आणि धूर सगळा आज्जीच्या डोळ्यांत.

त्या गावापलीकडचं रान 2011 पासून भीमगड अभयारण्य आहे. वखारीत आता मुख्यतः निलगिरी, अकेशिया आणि कुणाच्या तरी बांधावरची बाभूळ नाहीतर चिंच. ओळखायला हातसुद्धा लावावा लागत नाही. निलगिरी सालीचे लांब पट्टे लोंबवत आपली ओळख आपणच देते. फोडायला मात्र चिवट, तिच्या रेषा आतून पिळलेल्या असतात. चिंच तर कुऱ्हाड परत पाठवते.

यंदा ढिगात जुन्या घराच्या मोडीचंही लाकूड होतं. तुळयांचे तुकडे, खिळ्यांची भोकं, एका टोकाला चुन्याचा डाग. साल कधीच गेलेली, म्हणजे माझी निम्मी विद्या तिथेच संपली. तरी मालकाने "सर, हे काय असेल वो?" असं विचारल्यावर गप्प कसं बसणार? तांबूस तपकिरी रंग बघून मी ठोकून दिलं, "साग."

लाकडं फोडणारा माणूस हसला. "सागवानी अल्ल री सर. होन्नी."

होन्नी म्हणजे आपला बिबला. आमच्याकडे झाडांना मराठी आणि कानडी अशी दोन-दोन नावं असतात. ऐन म्हणजे मत्ती, नाना म्हणजे नंदी, आणि गिऱ्हाईक बघून नाव बदलतं. त्याने तुकड्याचं टोक कुऱ्हाडीने साफ कापून माझ्यापुढे धरलं. सागाच्या आडव्या कापावर बारीक भोकांची ओळ वर्षाच्या कड्याबरोबर गोल फिरते, नुसत्या डोळ्यांना दिसते. इथे भोकं होती, पण विखुरलेली. मला हे ठाऊक होतं. बघायचं सुचलं नाही, एवढंच. साल वाचायची सवय लागली की लाकडाचं टोक बघायला कोण वाकतो?

बिबल्याची खात्री करायची एक जुनी युक्ती आहे. जिवंत झाडावर घाव घातला तर रक्तासारखा लाल चीक येतो. वाळल्या लाकडात ते नाही, पण गाभ्याच्या ढलप्या पाण्यात टाकल्या की पाणी पिवळसर होतं आणि उन्हात धरलं तर त्याला निळी झाक येते. मी ढलप्या खिशात घालून आणल्या, काचेच्या ग्लासात टाकल्या आणि गच्चीवर उन्हात ठेवून बसलो.

झाक आली. कडेकडेने, मोरपिसासारखी.

तो तुळईचा तुकडा बंबात घालायला माझा हात धजावेना. जुलै आला, बाकीचं जळण संपत आलं, तो अजून माळ्यावर आहे. काल बायकोने खालून विचारलं, "एवढं एक लाकूड ठेवलंय ते कशाला? पाणी तापायचंय."