संयुक्त दशावताराचा बॅनर आणि फोटो जोडायचे सॉफ्टवेअर

संयुक्त दशावताराच्या बॅनरवर आठ-नऊ कलाकार पूर्ण वेशात खांद्याला खांदा लावून उभे दिसतात. बॅनर छापला जातो तेव्हा ते एकमेकांना भेटलेलेही नसतात. दशावतार म्हणजे आमच्या कोकणातले लोकनाट्य, आणि संयुक्त म्हणजे वेगवेगळ्या दशावतारी कंपन्यांतले गाजलेले कलाकार एका रात्रीपुरते एका रंगमंचावर. तुळशीची लग्ने झाली आणि जत्रा सुरू झाल्या की प्रत्येक कंपनी रोज रात्री वेगळ्या गावात असते. फोटोसाठी सगळ्यांना एका जागी आणणे कोणालाच शक्य नाही. त्यामुळे जो तो आपल्याकडचा फोटो पाठवतो आणि ते सगळे एका चित्रात बसवायचे काम बॅनर करणाऱ्याचे.

वेंगुर्ल्याच्या बाजारात माझे टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान आहे. गावच्या मंडळाने देवळाकडे संयुक्त प्रयोग ठरवला आणि बॅनर माझ्याकडे आला. लग्नपत्रिका, लेटरहेड, पावतीपुस्तके ही माझी रोजची कामे, ती मी कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये करते. फोटोतला माणूस त्याच्या मागच्या पडद्यापासून वेगळा करणे हे त्याहून अगदी निराळे काम. ते कशात करायचे हे ठरवण्यातच माझा बराच वेळ गेला. आमच्या भागात असे बॅनर करणारे बरेच जण आहेत, त्यांच्यातल्या नव्या माणसाला उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

आधी फोटोंबद्दल सांगते, कारण माझी निवड सॉफ्टवेअरच्या जाहिरातीवरून झाली नाही, या फोटोंवरून झाली. एक फोटो रंगपटात ट्यूबलाइटखाली काढलेला. दुसरा रंगमंचावर, डावीकडून लाल आणि उजवीकडून निळा उजेड. तिसरा मोबाइलच्या फ्लॅशचा, चेहरा पांढराफटक आणि मागे काळोख. काळा केसांचा टोप काळ्या रात्रीवर, सोनेरी मुकुट पिवळ्या पडद्यावर. कृष्णाच्या मुकुटातले मोरपीस, स्त्रीपार्टी म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या कलाकाराच्या डोक्यावरचा जाळीदार पदर, गळ्यातल्या मण्यांच्या माळा. कापायला याहून कठीण कडा मला तरी ठाऊक नाहीत.

मंडळातल्या मुलांचे म्हणणे होते की मोबाइलवरच एका बोटाने होते. एका बोटाने माणूस उचलला जातो हे खरे आहे. आयफोनवर २०२२ पासून फोटोतल्या माणसावर बोट दाबून ठेवले की तो पार्श्वभूमीपासून सुटा होतो, आणि तशीच सोय आता अनेक अ‍ॅप आणि संकेतस्थळांवर आहे. शर्ट-पँटमधल्या माणसाला ती चांगली चालते. आमच्या फोटोंत मात्र मोरपीस गेले, पदराची जाळी पडद्याच्या तुकड्यासह आली, आणि राजाच्या हातातल्या तलवारीचे पाते नाहीसे झाले. यंत्राला माणूस कळतो, वेश कळत नाही. शिवाय अशा ठिकाणी फुकट मिळणारी प्रत बहुतेक वेळा लहान असते, मोबाइलच्या पडद्यापुरती. दहा फुटी फ्लेक्सवर तिचे चौकोन दिसतात.

एका अ‍ॅपमध्ये फोटो उजळ आणि स्पष्ट करण्याचे बटण होते. त्याने अंधुक फोटो इतका सुंदर केला की मंडळातली सगळी खूश झाली. मी तो ज्यांचा होता त्या ज्येष्ठ कलाकारांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "बाय गो, ह्यो मी नाय. माझो टिळो असो नाय. असो मी कधीच काढूक नाय." मूळ फोटो शेजारी ठेवून पाहिला तर त्यांचे म्हणणे बरोबर होते. यंत्राने चेहरा साफ केला नव्हता, नवा रंगवला होता. भुवईचा बाक बदललेला, कपाळावरची रेघ बदललेली, डोळ्यांना दुसऱ्याच कोणाची चमक. दशावतारात मेकअपला वेगळा माणूस नसतो. कलाकार हातात आरसा धरून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो, आणि आमच्याकडचा प्रेक्षक भुवईच्या रेघेवरून कलाकार ओळखतो. तो चेहरा यंत्राने स्वतःच्या कल्पनेने भरून काढणे मला अजिबात मान्य नाही. तेव्हाच माझी पहिली अट ठरली. सॉफ्टवेअरने कापावे, जोडावे, उजेड जुळवावा, पण कलाकाराच्या चेहऱ्यावर स्वतःचे काही काढू नये. फोटो अंधुक असेल तर दुसरा मागावा.

दुसरी अट मंडळाच्या कारभारातून आली. प्रयोगाच्या चार दिवस आधीही कलाकार बदलतो. कोणाची तारीख दुसरीकडे लागते, कोणी आजारी पडतो. त्यामुळे बॅनरवरचा प्रत्येक माणूस वेगळ्या लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या वेगळ्या थरावर हवा आणि कापलेला भाग पुसून न जाता झाकलेला हवा. यालाच मास्क म्हणतात. मास्कवर काळा रंग लावला की फोटोचा तेवढा भाग दडतो, पांढरा लावला की परत येतो, करडा लावला की अर्धवट दिसतो. खोडरबराने पुसलेले मोरपीस गेले ते गेले, मास्कखाली दडवलेले कधीही परत आणता येते. लेयरची सोय फोटोशॉपमध्ये १९९४ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून आहे, म्हणजे यात नवे काही नाही. तरी फुकटच्या पुष्कळ अ‍ॅपमध्ये आजही कापलेला फोटो मिळतो, मास्क मिळत नाही.

फोटोशॉप स्वतः या कामात सर्वांत पुढे आहे याबद्दल वाद नाही. केसांच्या कडांसाठी त्यातले सिलेक्ट अँड मास्क मी एका मैत्रिणीच्या संगणकावर वापरून पाहिले. पदराची जाळी त्याने छान सोडवली. पण २०१३ पासून ते भाडेपट्टीवर गेले, एकदा विकत घेऊन कायमचे ठेवता येत नाही. हंगामात बॅनर येतात, पावसाळ्यात दुकान सुने असते, तेव्हा दर महिन्याचे पैसे मला परवडणारे नव्हते. फोटोशॉपची चोरीची प्रत संगणकात टाकून देणारे भेटतात. तसले सॉफ्टवेअर मला दुकानात नको होते. लोकांची आधार कार्डे आणि सातबारे माझ्या संगणकात येत असतात, त्यावर कुठले व्हायरस यायला नकोत.

मग फुकट आणि सरळमार्गी मिळणारे पर्याय पाहिले. कॅनव्हा बऱ्याच जणांना माहीत आहे. तयार साच्यात फोटो आणि मजकूर बसवायला ते सोपे आहे, पण पार्श्वभूमी काढण्याचे साधन पैसे भरणाऱ्यांसाठी आहे. अफिनिटी हे ब्रिटिश सॉफ्टवेअर आधी विकत मिळायचे. ती कंपनी २०२४ मध्ये कॅनव्हाने घेतली आणि २०२५ च्या अखेरीस ते फुकट झाले. मास्क, लेयर, छपाईचे रंग, सगळे त्यात आहे. नवा संगणक असेल त्याने ते जरूर पाहावे. माझ्या जुन्या संगणकाला ते झेपेना.

शेवटी दोन उरली, फोटोपी आणि गिंप.

फोटोपी ब्राउझरमध्येच उघडते, काही बसवावे लागत नाही. दिसायला फोटोशॉपसारखे आणि फोटोशॉपची पीएसडी फाइल लेयरसकट उघडते. मला विशेष आवडले ते हे की फोटो कुठल्या सर्व्हरवर जात नाहीत, काम आपल्याच संगणकावर होते. बाजूला जाहिराती दिसतात, तेवढे चालते. पण ते उघडायला नेट लागते आणि आमच्याकडे नेट कधी असते, कधी नसते. मोठ्या आकाराच्या फाइलला ब्राउझर मध्येच दमतो असेही दिसले.

गिंप अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केले. १९९६ पासून ते लोकांसमोर आहे, आणि तिसरी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. फुकट, खुले, नेटशिवाय चालणारे. पहिल्या दिवशी त्याच्या खिडक्या आणि नावे परकी वाटतात. पण त्यातले फोरग्राउंड सिलेक्ट नावाचे साधन माझ्या कामाचे निघाले. माणसाभोवती ढोबळ रेघ मारायची, आत कुठे कुठे खूण करून हा भाग माणसाचा आहे असे सांगायचे, मग ते कडा शोधते. मोरपीस त्याने बरेच पकडले. उरलेले मी मास्कवर बारीक ब्रशने केले. जाळीच्या पदरासाठी करडा रंग. कापलेल्या माणसाभोवती जुन्या उजेडाची फिकट किनार राहते, तिच्यासाठी सिलेक्शन एक-दोन पिक्सेल आत घ्यायचे आणि कड थोडी मऊ करायची. मराठी जोडाक्षरेही गिंप नीट जोडते. फोटोशॉपमध्ये त्यासाठी वर्ल्ड-रेडी नावाची मांडणी निवडावी लागते, नाहीतर "नाट्यप्रयोग" फुटतो. अक्षरांसाठी एकटाइप या फाँट बनवणाऱ्यांचे बलू आणि मुक्त हे दोन फाँट घेतले, दोन्ही फुकट आहेत.

मी गिंप निवडले, आणि कोणाकडून पीएसडी फाइल आली तर ती पाहायला फोटोपी.

निवड झाल्यावर खरे काम सुरू झाले ते उजेडाचे. मागे आमच्या देवळाची त्रिपुरी पौर्णिमेला पेटवलेली दीपमाळ घेतली होती, म्हणजे उजेड पिवळा आणि डावीकडून. ट्यूबलाइटखालचा कलाकार तिच्यापुढे निळा, आजारी दिसत होता. कलर बॅलन्समध्ये त्याचा निळा कमी करून पिवळा वाढवला आणि कर्व्ह या उजेड-अंधार कमीजास्त करण्याच्या साधनाने सावल्या गडद केल्या. ज्यांच्यावर उजेड उजवीकडून होता त्यांना आरशासारखे उलटे करावे असे कोणालाही वाटेल. आमच्या कामात ते करू नये. जानवे डाव्या खांद्यावरून उजव्यावर जाते, राजा डावखुरा होतो, आणि जाणकार माणूस ते बॅनरखाली उभा राहून बोट दाखवून सांगतो. मी त्या कलाकारांना रांगेत उजव्या टोकाला घेतले आणि त्यांच्या बाजूला असुराच्या मागची आग रंगवली. मग तो उजेड त्या आगीचा वाटू लागला. पायाखाली सावली प्रत्येकाला द्यावी लागते, नाहीतर माणसे हवेत तरंगतात. त्या सावलीसाठी वेगळा लेयर, मल्टिप्लाय मोडमध्ये, म्हणजे खालचे चित्र झाकले न जाता फक्त गडद होते.

फोटो मागवण्याची पद्धतही बदलली. वॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो, तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळचा येतो. प्रत्येक कलाकाराला "तुम्हाला स्वतःचा आवडतो तो फोटो द्या" असे मी सांगितले. काहींनी मुद्दाम दिवसाउजेडी वेश करून काढून पाठवले. त्यांचे मला फार वाटले. छापायला देण्याआधी प्रत्येकाला त्याचा कापलेला फोटो दाखवून होकार घेतला.

आकाराचा हिशेब मात्र सांगायलाच हवा. दहा बाय आठ फुटांचा बॅनर इंचाला ७२ पिक्सेलने केला तर ८६४० बाय ६९१२ पिक्सेल होतात. एक पूर्ण लेयर सुमारे २४० एमबी मेमरी खातो. दहा लेयर झाले की माझ्यासारख्या ४ जीबीच्या संगणकाचे काम संपले. हाच बॅनर इंचाला ३६ पिक्सेलने केला तर लेयर साठ एमबीवर येतो. रस्त्यावरून, पंधरा-वीस फुटांवरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. नाक्यावरच्या बॅनरला ३६ पुरे, हातात घ्यायच्या पत्रकाला ३०० हवेत.

अपेक्षेप्रमाणे शेवटच्या आठवड्यात एक कलाकार बदलला. त्यांचा लेयर बंद केला, नव्यांचा आणला, मास्क केला, सावली दिली. बाकीच्या आठ जणांना हातही लावावा लागला नाही. छपाईवाल्याला मी गिंपची फाइल देत नाही, एकसंध मोठी जेपीजी देते, कारण त्याच्याकडे मराठी फाँट वेगळे असतात आणि मजकूर उघडला की बिघडतो. लेयरची मूळ एक्ससीएफ फाइल माझ्याकडे दोन ठिकाणी ठेवलेली असते.

निळ्या रंगाचे अजून जमवायचे आहे. शंकराच्या अंगाचा निळा पडद्यावर झळकतो तसा फ्लेक्सवर येत नाही, छपाईच्या चार शाईंत तो जांभळट आणि मंद होतो. गिंपमध्ये सॉफ्ट-प्रूफ लावून छापील रंगाचा अंदाज आधी दिसतो, त्यासाठी छपाईवाल्याकडून त्याच्या मशीनची रंगाची प्रोफाइल घ्यावी लागते. ती मागितली आहे. मिळेपर्यंत, पुढच्या बॅनरच्या वेळी, नुसत्या निळ्या भागाचा एक फुटाचा तुकडा आधी छापून बघणार आहे.