घरचंच तर आहे!

आज सोसायटीतल्या एका काकूंनी चकलीच्या भाजणीचं पाकीट हातात घेऊन विचारलं, "घरचंच तर आहे गं, मग एवढे पैसे?"

मी त्यांना सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेले. धुऊन सावलीत वाळवलेले तांदूळ मंद आचेवर भाजायला घेतले होते. हरभऱ्याची डाळ वेगळी भाजायची, उडदाची वेगळी. धणे-जिरे सगळ्यात शेवटी, लगेच करपतात ना! मग गिरणीत स्वतः उभं राहायचं, कारण गव्हावर दळलं तर चकलीचा खुसखुशीतपणा गेलाच. गॅस, दळण, पाकिटं, लेबल, एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हे आणखी वेगळं.

आणि माझी मजुरी? ती मी किमतीत धरते, धरणारच. घरून व्यवसाय करणाऱ्या कितीतरी जणी नेमकी तीच सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे पापड लाटणारीला कामाचे पैसे मिळतात, शिवाय ती संस्थेची मालकीणही असते.

काकूंनी दोन किलोची ऑर्डर दिली, पूर्ण भावात! दिवाळीच्या ऑर्डरी घेतेय, मैत्रिणींनो. हवी असेल तर इनबॉक्समध्ये सांगा.